‘दक्षिण’ कुठे सुरू होते? दक्षिणी प्रदेशांचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

एखाद्या देशाच्या ‘दक्षिणे’विषयी टिपण, लेख किंवा प्रबंध लिहायला बसलेला माणूस आधी नकाशा उघडतो आणि बहुधा तिथेच फसतो. नकाशावर दक्षिण ही दिशा असते. लोकांच्या बोलण्यात, सरकारी कागदपत्रांत आणि साहित्यात मात्र ती जागा असते, आणि त्या जागेच्या कडा बोलणारा कोण, तो कुठे उभा आहे व त्या शब्दाकडून त्याला कोणते काम करून घ्यायचे आहे यांवर सरकत राहतात. इटलीतले लाक्विला हे शहर रोमपेक्षा उत्तरेच्या अक्षांशावर आहे. तरीही ते ज्या आब्रुत्सो प्रदेशात आहे, तो प्रदेश तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या विभागणीत ‘दक्षिण’ या गटात मोडतो आणि रोम ‘मध्य’ या गटात. अक्षांश पाहून या विभागणीचा उलगडा होणार नाही; इटली १८६१ मध्ये एक राज्य होण्यापूर्वी आब्रुत्सो हे नेपल्सहून चालणाऱ्या राज्याचा भाग होते आणि रोम पोपच्या सत्तेखाली होते, हे माहीत असेल तरच तो होतो. कोणत्याही संस्कृतीतल्या दक्षिणेकडे पाहताना असा उलगडा कसा करावा, कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत आणि मिळालेली उत्तरे कशी लिहावीत, हे पुढे सांगितले आहे.

आधी शब्दकोश उघडा

ज्या भाषेतल्या दक्षिणेचा अभ्यास करायचा आहे, त्या भाषेत दिशेचा शब्द कशापासून आला हे प्रथम पाहावे. जगातल्या अनेक भाषांत दक्षिणेची नावे मुख्यतः दोन कल्पनांवरून पडलेली दिसतात. पहिली कल्पना उजव्या हाताची. संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला येणारी दिशा ती दक्षिण. याच प्राचीन मुळापासून आलेला आयरिश भाषेतला ‘देस’ हा शब्दही उजवा आणि दक्षिण असे दोन्ही अर्थ सांगतो. वेगळ्या भाषाकुळातल्या अरबीतही हीच मांडणी आहे: ‘यमीन’ म्हणजे उजवा हात, त्याच धातूवरून ‘यमन’ हे दक्षिणेकडच्या देशाचे नाव, आणि सीरियाच्या बाजूच्या भूमीला असलेले ‘शाम’ हे नाव डाव्या बाजूशी जोडले जाते. म्हणजे पूर्वेकडे तोंड करून उभा राहिलेला एक माणूस या सगळ्या शब्दांच्या मागे आहे.

दुसरी कल्पना दुपारची. इटालियन ‘मेत्सोजोर्नो’, फ्रेंच ‘मिदी’ आणि पोलिश ‘पोवुद्निये’ या तिन्ही शब्दांचा अर्थ मध्यान्ह असाही आहे आणि दक्षिण असाही, कारण त्या अक्षांशांवर भर दुपारी सूर्य दक्षिणेला असतो. या नावांत एक गृहीतक दडलेले आहे. मकरवृत्ताच्या पलीकडे, म्हणजे दक्षिण गोलार्धाच्या समशीतोष्ण भागात, मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला दिसतो. त्यामुळे दुपार, ऊन आणि दक्षिण यांची सांगड ही उत्तर गोलार्धातल्या माणसाची सांगड आहे, साऱ्या पृथ्वीची नव्हे. याखेरीज काही शब्द जागेच्या गुणावरून आलेले असतात. हिब्रूतला ‘नेगेव’ हा शब्द कोरडेपणाच्या अर्थाचा. तो वाळवंटाचे नाव झाला आणि दक्षिणेचेही. फिनिश भाषेतला ‘एतेला’ हा शब्द ‘पुढचा’ या अर्थाच्या मुळाशी जोडलेला आहे. चीनमध्ये सम्राटाने दक्षिणेकडे तोंड करून बसावे असा संकेत होता, आणि होकायंत्राला तिथे ‘दक्षिण दाखवणारी सुई’ म्हणतात. त्या नावातला ‘झिनान’, म्हणजे दक्षिण दाखवणे, हा शब्द आज चिनी भाषेत ‘मार्गदर्शिका’ या अर्थाने सर्रास चालतो; प्रस्तुत लेखाला चिनी वाचक त्याच नावाने ओळखेल, याची मला थोडी गंमत वाटते.

मात्र व्युत्पत्तीवर फार भार टाकू नये. शब्द घडला तेव्हा लोक कुठल्या बाजूला तोंड करून उभे राहत असत एवढेच तो सांगतो. आज ते दक्षिणेविषयी काय मानतात, हे त्यातून निघत नाही. उजवी बाजू शुभ म्हणून दक्षिण शुभ, असे अनुमान तर संस्कृतातच कोसळते, कारण तिथे हीच दिशा यमाची मानलेली आहे.

बोलणारा कुठे उभा आहे ते ठरवा

दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुतेकांकडून गाळली जाते. प्रत्येक उल्लेखाजवळ समासात दोन गोष्टी नोंदवाव्यात: लिहिणारा कोणत्या ठिकाणाहून लिहितो आहे आणि त्याच्या मनातल्या नकाशाची वरची बाजू कोणती. उत्तर वर आणि दक्षिण खाली हा आपल्या वर्गातल्या नकाशांचा रिवाज आहे. तो निसर्गनियम नाही. इजिप्तमध्ये ‘वरचा इजिप्त’ म्हणजे दक्षिणेकडचा, कारण नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे उतरते. न्यूझीलंडच्या माओरी परंपरेत उत्तर बेट हा माउई या पौराणिक वीराने समुद्रातून ओढून काढलेला मासा आहे. त्याचे डोके दक्षिणेला, वेलिंग्टनच्या बाजूला, आणि शेपटी उत्तरेला, म्हणून त्या कथनात दक्षिणेकडे जाणे म्हणजे वर जाणे. अल् इद्रीसी या अरब भूगोलज्ञाने ११५४ मध्ये सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी पूर्ण केलेल्या जगाच्या नकाशात दक्षिण वर आहे. ‘खाली दक्षिणेत’ असा शब्दप्रयोग मूळ साहित्यात नसताना आपल्या अनुवादात शिरला, तर आपण त्या लेखकाच्या हातात आपला नकाशा दिलेला असतो.

उभे राहण्याची जागा बदलली की दक्षिण कशी बदलते, याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण ‘दक्षिणापथ’ हे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या तांबड्या समुद्राच्या प्रवासवर्णनात भडोचच्या पुढचा किनारा दक्षिणेकडे जातो म्हणून त्या भागाला ‘दखिनाबादेस’ म्हणतात आणि तिथल्या लोकांच्या भाषेत ‘दखानोस’ म्हणजे दक्षिण, असा खुलासा येतो. नाणेघाटातल्या सातवाहन शिलालेखात ‘दक्षिणापथपती’ ही उपाधी अभिमानाने मिरवलेली आहे. तर प्रयागच्या स्तंभावरील समुद्रगुप्ताच्या प्रशस्तीत दक्षिणापथाच्या बारा राजांची नावे जिंकलेल्यांच्या यादीत आहेत. एकच शब्द व्यापाऱ्यासाठी बाजारपेठेचा पत्ता आहे, सातवाहनांसाठी स्वतःच्या राज्याचे नाव आहे आणि गुप्तांच्या दरबारी कवीसाठी मोहिमेचे क्षेत्र आहे. या तिन्ही नोंदी एकाच खान्यात टाकल्या की त्यांतली माहिती निम्मी होते.

पुढच्या काळातही हे सरकणे थांबत नाही. ब्राह्मण समाजाच्या जुन्या ‘पंचद्राविड’ वर्गीकरणात विंध्याच्या दक्षिणेकडचे म्हणून कर्णाटक, तैलंग आणि द्राविड यांच्याबरोबर महाराष्ट्र आणि चक्क गुर्जरही येतात. ‘दख्खन’ हा शब्द त्याच ‘दक्षिण’चे प्राकृतातून आणि फारसीच्या वळणाने आलेले रूप. याउलट राज्यपुनर्रचनेच्या १९५६ च्या कायद्याने आखलेल्या विभागीय परिषदांत आजचा महाराष्ट्र पश्चिम विभागात आहे, आणि मराठी माणूस ‘दाक्षिणात्य’ हा शब्द आता निःशंकपणे दुसऱ्यांसाठी वापरतो. दिल्लीच्या जुन्या कागदपत्रांत तो स्वतःच दक्षिणी होता. ही जाणीव ठेवली, तर दुसऱ्या देशांतल्या अशा सरकत्या शब्दांकडे पाहताना फार चुका होत नाहीत.

सीमा एकावर एक ठेवून पाहा

आता नकाशा काढावा, पण एक नव्हे. त्या प्रदेशाच्या जितक्या व्याख्या सापडतील तितक्या पारदर्शक कागदांवर, किंवा संगणकावर वेगवेगळ्या थरांत, काढाव्यात आणि एकमेकींवर ठेवाव्यात. अभ्यासाचा गाभा जिथे रेषा जुळत नाहीत तिथे सापडतो.

या पद्धतीचा सराव करायला अमेरिकेची दक्षिण सर्वांत सोयीची, कारण तिच्या व्याख्या भरपूर आहेत आणि बहुतेकींना तारखा आहेत. पहिला थर मेसन आणि डिक्सन या दोन सर्वेक्षकांनी १७६३ ते १७६७ दरम्यान आखलेल्या रेषेचा. ती आखली गेली पेनसिल्व्हेनिया आणि मेरिलँड या वसाहतींच्या मालक घराण्यांमधला हद्दीचा तंटा मिटवण्यासाठी. गुलामगिरी असलेला आणि नसलेला भाग यांची सीमा हा अर्थ तिला नंतर चिकटला. दुसरा थर १८२० च्या मिसूरी तडजोडीतल्या, म्हणजे पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी कुठवर चालेल हे ठरवणाऱ्या कायद्यातल्या, ३६ अंश ३० मिनिटे या अक्षांशाचा. तिसरा थर यादवी युद्धाच्या सुमारास १८६०-६१ मध्ये फुटून निघालेल्या ११ राज्यांचा. यात केंटकी, मेरिलँड, डेलावेअर आणि मिसूरी येत नाहीत, कारण गुलामगिरी असूनही ती संघराज्यातच राहिली. चौथा थर आजच्या जनगणना कार्यालयाचा, ज्यात १६ राज्ये आणि राजधानीचा जिल्हा आहे: डेलावेअर आणि मेरिलँड त्यात आहेत, मिसूरी मात्र ‘मध्य-पश्चिम’ गटात आहे. संघराज्याशी निष्ठा ठेवण्यासाठी व्हर्जिनियातून फुटून १८६३ मध्ये वेगळे राज्य झालेले वेस्ट व्हर्जिनियाही या सरकारी दक्षिणेत आहे, हा इतिहासाचा एक बारीक चिमटा.

हे चारही थर कागदावरचे. लोकांच्या मनातली दक्षिण मोजायची तर वेगळी युक्ती लागते. जॉन शेल्टन रीड या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात शहराशहरांच्या दूरध्वनी सूचींत दुकाने आणि उद्योग यांच्या नावांत ‘सदर्न’ (दक्षिणी) आणि ‘डिक्सी’ (फुटून निघालेल्या दक्षिणेचे टोपणनाव) हे शब्द ‘अमेरिकन’ या शब्दाच्या तुलनेत किती वेळा येतात ते मोजले. नाव ठेवणारा दुकानदार कोणत्याही सर्वेक्षणाला उत्तर देत नसतो, गिऱ्हाइकाला काय आवडेल एवढेच पाहत असतो. म्हणूनच ही मोजणी प्रामाणिक ठरते. ‘डिक्सी’चा प्रदेश ‘सदर्न’च्या प्रदेशापेक्षा आकसलेला निघाला. दिशेचा शब्द आणि जुन्या बंडखोर राज्यांची आठवण जागवणारा शब्द एकाच हद्दीत मावत नाहीत, हे त्यातून दिसले. ही युक्ती कोणत्याही देशात करून पाहता येते: संस्था, वर्तमानपत्रे, क्रीडासंघ आणि उपाहारगृहे यांच्या नावांत दिशेचा शब्द कुठे दिसू लागतो आणि कुठे विरतो, याची यादी करावी.

सरकारी थर वाचताना त्या व्याख्येतून पैसा वाहत होता का, हेही विचारावे. इटलीने १९५० मध्ये दक्षिणेच्या विकासासाठी स्थापन केलेला आणि १९८४ मध्ये बंद झालेला ‘कासा पेर इल मेत्सोजोर्नो’ हा निधी लात्सिओ आणि मार्के या मध्य इटलीतल्या प्रदेशांच्या काही भागांना, इतकेच काय तस्कनीच्या किनाऱ्यालगतच्या एल्बा बेटालाही मिळत होता. अनुदान मिळणार असेल तर दक्षिण उत्तरेकडे पसरते. चीनमध्ये छिनलिंग पर्वत आणि हुआय नदी यांना जोडणारी रेषा उत्तर-दक्षिणेची सीमा मानतात. ती जानेवारीतल्या सरासरी शून्य अंश तापमानाच्या आणि सुमारे ८०० मिलिमीटर वार्षिक पावसाच्या रेषेशी बरीचशी जुळते, गहू आणि भात यांच्या पट्ट्यांनाही विभागते, म्हणजे तिला निसर्गाचा आधार आहे. पण १९५० च्या दशकापासून घरे गरम ठेवण्याची सामूहिक व्यवस्था या रेषेच्या उत्तरेकडच्या शहरांना मिळाली, आणि हवामानाची एक अस्पष्ट पट्टी प्रशासनाची धारदार कड झाली. रेषेच्या किंचित खालच्या गावातली थंडी काही रेषा पाहून कमी होत नाही.

चिकटलेले गुण तपासा

दक्षिणेला जागेबरोबर स्वभावही चिकटवलेला असतो. आळशी, भावनाप्रधान, आतिथ्यशील, गरीब, धार्मिक, संगीतप्रेमी ही विशेषणे कुठल्या ना कुठल्या दक्षिणेला लागलेली आहेत, आणि ती वाचताना निरीक्षण कुठे संपते व ठसा कुठे सुरू होतो हे वेगळे करणे हेच अभ्यासकाचे काम. यासाठी एक सोपी कसोटी आहे: सिद्धान्त मांडणाऱ्याने स्वतःचा देश कुठे बसवला आहे ते पाहावे. अ‍ॅरिस्टॉटलने थंड युरोपीय लोक धाडसी पण बुद्धीने कमी, आशियाई बुद्धिमान पण धाडसाने कमी, आणि मधले ग्रीक दोन्ही गुणांचे असे सांगितले. इब्न खल्दून या अरब इतिहासकाराने चौदाव्या शतकात उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही टोकांच्या लोकांना हिणवून मधले पट्टे संतुलित ठरवले, ज्यांत त्याचा मगरिब, म्हणजे उत्तर आफ्रिकेचा पश्चिम भाग, येतो. माँतेस्क्यूने १७४८ मध्ये थंड हवेने माणसे जोमदार होतात आणि उष्ण हवेने सुस्तावतात असे मांडले. तो फ्रेंच होता. तिघांची विद्वत्ता वादातीत आहे, आणि मोजपट्टीचा सोयीचा भाग तिघांच्याही दारात येऊन थांबतो.

दुसरी कसोटी उलट उदाहरणाची. दक्षिण म्हणजे उष्ण आणि मागास असे सूत्र मनात तयार होऊ लागले की ब्राझील आठवावा. तिथला ‘दक्षिण’ विभाग म्हणजे पाराना, सांता कातारिना आणि रिओ ग्रांदे दो सूल ही तीन राज्ये. ती देशातल्या थंड आणि तुलनेने सधन राज्यांत मोडतात, आणि आपल्याकडच्या वाचकाला ओळखीची वाटणारी ‘गरीब, उन्हाने तापलेली’ ही प्रतिमा तिथे ईशान्येच्या वाट्याला आली आहे. जर्मनीतले बव्हेरिया दक्षिणेत आहे आणि श्रीमंत आहे. इंग्लंडमध्ये तक्रार उत्तरेची असते. शिवाय एकाच देशात दोन दक्षिणा असू शकतात. चीनमध्ये ‘ज्यांगनान’, म्हणजे नदीच्या दक्षिणेचा भाग, हा यांगत्सेच्या मुखाकडचा सुपीक, विद्वानांचा आणि बागांचा प्रदेश. नदीच्या उत्तर काठावरचे यांगझोऊ शहरही त्याच्या कीर्तीमुळे त्यात मोजले जाते. त्याहून खाली, डोंगरांपलीकडचा ‘लिंगनान’ मात्र दीर्घकाळ हद्दपारीचा मुलूख होता. कवी सू शी याला १०९४ मध्ये तिथल्या हुइझोऊला आणि पुढे १०९७ मध्ये थेट हायनान बेटावर धाडले गेले. ‘चिनी लोकांना दक्षिण कशी वाटते’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही.

ठसा कोणाच्या फायद्याचा, हा तिसरा प्रश्न. इटलीच्या सार्डिनिया बेटावर जन्मलेल्या अंतोनिओ ग्राम्शी या मार्क्सवादी विचारवंताने १९२६ मध्ये दक्षिणेच्या प्रश्नावरच्या अपुऱ्या राहिलेल्या निबंधात असे दाखवले, की दक्षिण ही देशाच्या पायातली बेडी आहे आणि तिथले लोक जन्मतःच हलके आहेत ही समजूत उत्तरेकडच्या सामान्य जनतेत पद्धतशीर पसरवली गेली होती, आणि तिच्यामुळे उत्तरेचा कामगार व दक्षिणेचा शेतकरी एकत्र येणे अवघड झाले होते. माझ्या मते या विषयात शिरणाऱ्याने आधी हा निबंध वाचावा, कारण गरिबीची आकडेवारी नाकारायची नाही आणि गरिबीला स्वभावाचा दाखलाही मानायचे नाही, हा तोल त्यात दिसतो.

नाव आतून आले की बाहेरून?

‘दक्षिण’ हे नाव तिथले लोक स्वतः वापरतात का, हे वेगळे नोंदवावे. आपण दक्षिण कोरिया म्हणतो, पण तिथले लोक आपल्या देशाला ‘हांगुक’ म्हणतात. दक्षिणेचा उल्लेख असलेले ‘नामजोसन’ हे नाव सीमेपलीकडच्या उत्तरेत त्या देशासाठी दीर्घकाळ वापरले जात होते. व्हिएतनामची गोष्ट याच्या उलट आहे. त्या नावातले ‘नाम’ म्हणजे दक्षिण, आणि ती दक्षिण चीनच्या तुलनेत आहे. १८०४ मध्ये चीनच्या छिंग दरबाराने हे नाव मान्य केले. तरी त्या देशाने आपले दाक्षिणात्य असणे कमीपणाचे मानले नाही, उत्तरेच्या सम्राटासमोर दक्षिणेचाही स्वतःचा सम्राट आहे असा दावा त्यांच्या जुन्या काव्यात येतो. आणि या ‘दक्षिण’ देशाला पुन्हा स्वतःची दक्षिण आहेच, सायगावकडची.

याच प्रश्नाने ‘ग्लोबल साउथ’ या शब्दाकडेही पाहावे. पश्चिम जर्मनीचे माजी चॅन्सेलर विली ब्रांट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या १९८० च्या अहवालाने श्रीमंत आणि गरीब देश वेगळे करण्यासाठी जगाच्या नकाशावर ओढलेली रेषा पूर्वेकडे पोचल्यावर खाली वळून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांना ‘उत्तरे’त घेते, संपूर्णपणे विषुववृत्ताच्या उत्तरेला असलेला भारत मात्र ‘दक्षिणे’त राहतो. इथे दिशा हे उत्पन्नाचे आणि सत्तेचे दुसरे नाव आहे. पण हे नाव केवळ लादलेले आहे असेही लिहू नये: टांझानियाचे माजी राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांच्या अध्यक्षतेखालच्या आणि मनमोहन सिंग ज्याचे महासचिव होते त्या आयोगाने ‘साउथ कमिशन’ हे नाव उघडपणे धारण केले होते. उरुग्वेचा चित्रकार होआकिन तोरेस-गार्सिया याने तर १९४३ मध्ये दक्षिण अमेरिकेचा नकाशा उलटा रेखाटला, खंडाचे टोक वर करून.

लिहायला बसल्यावर

मजकुरात ‘दक्षिण’ हा शब्द पहिल्यांदा येईल तिथेच आपण कोणती व्याख्या घेतली आहे ते एका वाक्यात सांगावे, उदाहरणार्थ, ‘या लेखात अमेरिकेची दक्षिण म्हणजे १८६०-६१ मध्ये फुटलेली ११ राज्ये’, आणि पुढे आकडेवारी जनगणनेच्या १६ राज्यांची देऊ नये. ही चूक अनुभवी लेखकांकडूनही होते. ‘दक्षिणेत असे मानतात’ या वाक्याला कर्ता नाही, म्हणून कोण मानते आणि केव्हा हे लिहावे. ‘मेत्सोजोर्नो’, ‘मिदी’, ‘ज्यांगनान’ यांसारखे शब्द पहिल्या उल्लेखात अर्थ देऊन मूळ रूपातच ठेवावेत, कारण ‘दक्षिण इटली’ असे भाषांतर केले की सार्डिनिया त्यात आहे की नाही हे वाचकाला कळत नाही. सांख्यिकी संस्थेच्या विभागणीत ‘दक्षिण’ आणि ‘बेटे’ हे दोन निराळे गट आहेत, आणि मेत्सोजोर्नो म्हटले की दोन्ही एकत्र येतात. ‘दक्षिण’ आणि ‘दक्षिणेकडचा’ यांतही भेद ठेवावा: दक्षिण आफ्रिका हा देश आहे, आफ्रिकेचा दक्षिणेकडचा भाग हा अनेक देशांचा प्रदेश. सीमेवरच्या ठिकाणांचा, म्हणजे लाक्विला, यांगझोऊ किंवा मिसूरी यांसारख्यांचा, उल्लेख तळटीपेत ढकलू नये. त्यांना निदान एक परिच्छेद द्यावा आणि तिथले लोक स्वतःला कोणत्या बाजूचे म्हणवतात, ते त्यांच्याच शब्दांत नोंदवावे.